पानिपतचं पिस्तूल आणि दोन फुल्या

या महिन्यात जुन्या हत्यारांबद्दलची पत्रं बरीच आली. वाडे पाडले जातायत, माळे रिकामे होतायत, त्यातून काय काय निघतंय. तीन पत्रं इथं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, त्याचं कारण वाचताना कळेलच.

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. वाई तालुक्यातला आमचा माहेरचा वाडा यंदा उतरवायला काढला. माळवदाच्या दोन तुळयांच्या बेचक्यात, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक पिस्तूल सापडलं. आमच्या मूळ पुरुषानं पानिपताहून एका गिलच्याचं पिस्तूल हिसकावून आणलं, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. हे तेच असावं. एकूण लांबी पंधरा इंच, वजन दीड किलोच्या आतबाहेर. नळी बाहेरून मोजली तर नऊ इंच भरते. मुलानं आत खराट्याची काडी घालून पाहिली, ती साडेसात इंचांवर अडते. बाजूच्या लोखंडी पट्टीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आहे, त्याच्या पंजांत मुकुटासारखं काहीतरी, आणि १८४८ हा आकडा. तो आकडा पुढे कुणीतरी कोरला असेल. चापाभोवतीच्या पितळी कड्यावर इंग्रजीत ‘सी ४१’. मुठीच्या टोकाला पितळी टोपण आणि त्यात एक कडी. सूनबाईंनी मुठीकडचं पितळ चिंच-मीठ लावून घासलं, तेवढं सोन्यासारखं झळकलं. सगळंच तसं करावं का? माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. दिवाळीला येईन तेव्हा घेऊन जाईन म्हणतो. याची किंमत किती येईल?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी अंगणात चहा घेत वाचत होतो. ‘काडी साडेसात इंचांवर अडते’ या ओळीपर्यंत आलो आणि कप खाली ठेवला.

नळी बाहेरून नऊ आणि आतून साडेसात, तर मधला दीड इंच गेला कुठे? ठासणीच्या पिस्तुलात दारू आणि गोळी मिळून साधारण एवढीच जागा खातात. हे उत्तर छापून तुमच्या हातात पडायला तीन आठवडे लागतात. तेवढा धीर मला नव्हता, म्हणून पत्राखालच्या नंबरावर त्याच संध्याकाळी फोन केला. तुम्हाला जे सांगितलं ते इतर वाचकांसाठी पुन्हा लिहितो, कारण असं पिस्तूल एकट्या तुमच्याच तुळईत नसणार.

घोड्याला हात लावायचा नाही. पिस्तूल आपटायचं नाही, तापवायचं नाही, उन्हात ‘वाळवायला’ ठेवायचं नाही. नळीच्या मागच्या टोकाला, घोडा जिथे आपटतो तिथे, लहानशी पोकळ घुंडी असते. तिला आम्ही निपल म्हणतो. तिच्यावर तांब्याची टोपी बसवलेली आहे का, ते बाजूनं बघायचं, समोरून नाही. तुमच्या निपलवर टोपी नव्हती, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग घमेल्यात वाळू घेऊन त्यावर पिस्तूल आडवं ठेवायचं, तोंड दगडी भिंतीकडे, आणि खोलीला कडी. त्यानंतर पोलीस ठाण्याला फोन करून त्यांनाच घरी बोलवायचं. पिशवीत घालून एसटीनं ठाण्यात जायचं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमचे चिरंजीव नेमके तेच करायला निघाले होते.

मी तीस वर्षं फौजेत आर्मोरर होतो. दुसऱ्यांची हत्यारं उघडणं, साफ करणं, जोडणं, यातच आयुष्य गेलं. एकदा एका मेसच्या भिंतीवरची शोभेची पिस्तुलं डागडुजीसाठी आमच्या वर्कशॉपला आली. वर्षानुवर्षं ती तिथे टांगलेली, खाली पार्ट्या चाललेल्या. पहिल्याच्या नळीतून माती निघाली. कुंभारमाशीनं आत घर केलेलं होतं, त्यात वाळलेल्या अळ्या. आम्ही हसलो. तिसऱ्यातून गोळी निघाली, तिच्यामागे दारू, आणि मग कुणी हसलं नाही. काळी दारू वय झालं म्हणून मरत नाही. ओल लागली की झोपते, सुकली की पुन्हा उठते. शंभर-दीडशे वर्षं हा तिच्या हिशेबी फार मोठा काळ नाही.

आता पानिपत. तुमची कथा मोडताना मला वाईट वाटतंय, पण हे पिस्तूल पानिपतावर असणं शक्य नाही. त्यासाठी १८४८ हा आकडासुद्धा लागत नाही, घोड्याची रचनाच पुरे आहे. १७६१ साली दोन तऱ्हा चालत होत्या. तोड्याची बंदूक, म्हणजे जळती वात दारूला लावायची. आणि चकमकीची, म्हणजे घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली, ती पोलादावर आपटून ठिणगी पाडायची. तुम्ही पाठवलेल्या फोटोत घोड्याला जबडाच नाही. त्याचं तोंड हातोडीसारखं, आतून पोकळ. ही टोपीची पद्धत. आपटलं की फुटणारं रसायन बंदुकीला लावायची कल्पना अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याची, पेटंट १८०७ चं. या पाद्रीबुवांना शिकारीचा नाद. चकमकीचा जाळ आधी दिसतो आणि गोळी पोचायच्या आत पाखरं उडून जातात, ही त्यांची तक्रार होती. तांब्याच्या टोप्या त्यानंतरच्या, आणि इंग्रजी फौजेत ही पद्धत रुळायला १८४० चं दशक उजाडलं. म्हणजे पानिपतानंतर चांगल्या तीन पिढ्या.

तो सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा. मागच्या पायांवर उभा, पंजांत मुकुट, हे कंपनीचं चिन्ह तिच्या शस्त्रांवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतं. त्याआधी, साधारण १८०८ पर्यंत, हृदयाच्या आकाराचा शिक्का असायचा. आत चार खण, खणांत अक्षरं, डोक्यावर ४ चा आकडा. कंपनीच्या मालाच्या गाठोड्यांवर मारायचे तोच. कापसाच्या गाठीला आणि बंदुकीला एकच शिक्का, यातच कंपनी काय चीज होती ते आलं. १८५८ साली कंपनीचं राज्य राणीकडे गेलं आणि सिंहाचं काम संपलं. तेव्हा टोपीचा घोडा, सिंह आणि १८४८ या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात. आकडा कुणी मागाहून कोरलेला नाही.

नळीखालचा ठासणीचा गज बघा. तो सुटा निघत नाही, नळीच्या तोंडाशी बिजागरीवर फिरतो. हे घोडेस्वाराचं लक्षण. धावत्या घोड्यावर ठासताना गज हातातून सुटला तर पिस्तूल म्हणजे नुसतं दांडकं, म्हणून तो बांधूनच टाकलेला. मुठीच्या टोपणातली कडी दोरीसाठी. तर हे कंपनीच्या घोडदळाचं पिस्तूल, आणि ‘सी ४१’ हा बहुधा तुकडी आणि तिच्यातला क्रमांक.

या क्रमांकामुळे मला एक शंका आली. आपल्या मुलखातून कंपनीनं घोडदळं उभी केली, पूना हॉर्स १८१७ सालचं. त्यात आपलीच जुनी शिलेदारी चाले : घोडा, खोगीर, कपडे, तलवार ज्यानं त्यानं आणायची आणि पगार घ्यायचा. स्वतःच्या हत्यारावर सहसा कुणी क्रमांक घालत नाही. क्रमांक असतो तो सरकारी मालावर, परत करायच्या. हे पिस्तूल परत गेलं नाही. का गेलं नाही, ते तुमच्या घराण्यातल्याच कुणाला तरी ठाऊक असणार, आणि त्यांनी ते सांगण्यापेक्षा पानिपताची गोष्ट सांगणं पसंत केलं असावं. सत्तावननंतर लोकांची हत्यारं काढून घेतली गेली, पुढे १८७८ चा शस्त्रकायदा आला. त्या काळात सिंहाचा छाप असलेलं पिस्तूल घरात सापडणं फार महागात पडलं असतं. तुळईच्या बेचक्यात, घोंगडीत! उगाच कुणी तिथे ठेवत नाही.

१८४८ म्हणजे साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज गेले आणि डलहौसीनं राज्य खालसा करायचा घाट घातला ते वर्ष. माझ्याही डोक्यात लगेच चक्रं फिरली. पण ताई, हा आकडा लॉक, म्हणजे बाजूच्या पट्टीवर बसवलेली घोड्याची यंत्रणा, तयार झालं त्या वर्षाचा. ते इंग्लंडात बनलं, जहाजातून आलं, कोठारात पडलं, मग कधीतरी स्वाराच्या हातात गेलं. पानिपत सोडून लगेच दुसरी दंतकथा पकडू नका. शोध घ्यायचाच असेल तर वाड्यातले मोडी कागद आधी वाचून घ्या. पेन्शनीचा एखादा कागद निघाला, पलटणीचं नाव मिळालं, तर पुढची वाट आहे : मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, आणि लंडनला ब्रिटिश लायब्ररीतली कंपनीच्या लष्करी खात्याची दफ्तरं.

कायद्याचं थोडक्यात. ‘शंभर वर्षं जुनं, म्हणजे परवाना नको’ ही पारावरची समजूत आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही चालवता येता कामा नये. ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द अधोरेखित करा. तुमचं पिस्तूल नवी टोपी घातली तर चालेल अशा अवस्थेत आहे. त्यामुळे ते या सवलतीत बसतं की नाही, हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. ठाण्यात रीतसर नोंद, पंचनामा, जमा केल्याची पावती आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, हा रस्ता. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात अर्ज आयुक्तांकडे. पावती घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका, आणि पावतीवर सिंह, १८४८, ‘सी ४१’ हे सगळं लिहून घ्या. नुसतं ‘एक जुने पिस्तूल’ असं लिहिलेलं परत मागायला गेलात तर कुठलं तरी जुनं पिस्तूल मिळेल.

भावाला सांगा, दिवाळीला यावं, फराळ करावा, पिस्तूल बघावं. नेता मात्र येणार नाही. शंभर वर्षांपलीकडची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर तर त्याआधी ते पिस्तूल म्हणूनच अडेल. किंमत मी कुणालाच सांगत नाही. परवान्याशिवाय विकता येत नाही, तिथे किंमतीची चर्चा कशाला?

आता चिंच-मीठ. ताई, सूनबाईंना बोल लावू नका, पितळ दिसलं की आपला हात चिंचेकडेच जातो. पण चिंच म्हणजे आम्ल आणि मीठ म्हणजे लोखंडाचा वैरी. मीठ बारीक खड्ड्यांत, पितळ आणि लाकडाच्या फटीत जाऊन बसतं, आणि प्रत्येक पावसाळ्यात पाणी ओढून पुन्हा खायला लागतं. नळी रिकामी होऊन पिस्तूल परत आलं की तेवढाच भाग शुद्ध पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात, भिजवून पिळलेल्या कापसानं चार-पाचदा पुसा. दर वेळी नवा कापूस, आणि लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. बाकीचं पितळ आहे तसं काळपट राहू द्या. घासलेलं परत मळकं व्हायला वर्षं लागतील, आणि तोवर ती चकाकी तुमच्याकडे बघत राहील.

लोखंडावर दोन तऱ्हेचा गंज असतो. एक गडद तपकिरी, घट्ट, बोट फिरवलं तर हाताला काही लागत नाही. तो पिस्तुलाची कातडी आहे, त्याला हात लावायचा नाही. दुसरा नारिंगी, भुसभुशीत, बोटाला पावडर येते. तो जिवंत गंज. नळी रिकामी झाल्यावर, पिस्तूल परत मिळाल्यावर, तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा, सकाळी बांबूच्या काडीनं हलकेच खरवडा, मऊ टूथब्रशनं झाडा. पॉलिश पेपर, व्हील, तारेचा ब्रश, यांतलं काहीही नको. ती अक्षरं आणि तो सिंह एवढीच तुमच्या पिस्तुलाची जन्मपत्रिका आहे. कारागिराकडे दिलंत तर तो अर्ध्या तासात ती घासून कोरी करील आणि वर ‘बघा कसं नवं झालं’ म्हणेल. असं नवं झालेलं एक पिस्तूल मी पाहिलंय. सिंहाचं मांजर झालं होतं.

खोबरेल लावू नका. कोकणातली मंडळी मला हमखास विचारतात. ते चिकट होतं, खवट होतं, धूळ धरतं. लाकडाला अळशीचं तेल किंवा वार्निशही नको, कोरड्या मऊ फडक्यानं पुसलं तरी पुरे. सगळं झालं की धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या आणि चोळून काढा. स्क्रू फिरवू नका. जुन्या स्क्रूंच्या खाचा आपल्या बाजारातल्या पेचकसाला बसत नाहीत आणि एकदा ओरखडा पडला की पडला. घोडा हलक्या हातानं खाली टेकलेला ठेवायचा, कमानीवर ताण नको, आणि ‘टक्‌ आवाज ऐकू’ म्हणून पाहुण्यांसमोर सोडायचा नाही.

ठेवताना चामड्यात नको, वर्तमानपत्रात नको, प्लॅस्टिकमध्ये बांधून तर नकोच नको. चार वेळा धुतलेलं पांढरं सुती कापड, लाकडी किंवा पुठ्ठ्याची पेटी, सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून बघणं. धातूला कोरडं हवं आणि लाकडाला फार कोरडं चालत नाही, म्हणून आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवायची.

आणि खंडेनवमी. पूजा जरूर करा, पण हळदकुंकू आणि झेंडू पाटावर वाहा, पिस्तुलावर नाही. ओल्या बोटांनी लावलेलं कुंकू मी दसऱ्याला पाहिलंय आणि संक्रांतीला त्याच जागी बोटाएवढा गंज पाहिलाय.

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. त्यांच्या ट्रंकेत एक लहानसं पिस्तूल आहे. त्यावर ‘बेरेटा’, ‘९ कोर्टो’, ‘१९३४’ आणि शेवटी ‘१९४२’ व त्यापुढे दोन फुल्या कोरल्या आहेत. आजोबांनी दोन शत्रू मारले म्हणून त्यांनी फुल्या कोरल्या, असं चुलते सांगतात. सोबत डबीत काही काडतुसं आहेत. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फुल्या आजोबांच्या नाहीत, मुसोलिनीच्या आहेत. ते रोमन २०. मुसोलिनी १९२२ च्या ऑक्टोबरात सत्तेवर आला आणि फाशिस्टांनी तिथून नवं शक सुरू केलं. पिस्तुलावर इंग्रजी साल आणि हे नवं साल, दोन्ही मारायचे. १९४२ म्हणजे विसावं वर्ष. १९४१ चं असतं तर १९ साठी एक फुली, एक उभी रेघ आणि आणखी एक फुली दिसली असती, आणि मग चुलत्यांनी काय गोष्ट सांगितली असती कोण जाणे.

१९३४ हे मॉडेलचं साल. गार्दोने हे गावाचं नाव कोरलेलं असेल, ते उत्तर इटलीतलं बेरेटाचं गाव. मागच्या बाजूला मुकुट आणि ‘आर ई’ अशी अक्षरं दिसली तर ते तिथल्या राजाच्या भूसेनेचं. ‘आर ए’ असेल तर वायुदलाचं, ‘आर एम’ नौदलाचं. मराठ्यांच्या पलटणी इटलीशी आधी एरिट्रियात, केरेनला भिडल्या होत्या, पण ती लढाई १९४१ च्या मार्चमध्येच संपली. तेव्हा हे इटलीतूनच आलेलं असणार, हे तुमचं म्हणणं बरोबर वाटतं. इटलीच्या मोहिमेत यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांची पलटण कुठली होती ते डिस्चार्ज बुकात पाहा, ते या पिस्तुलापेक्षा जास्त बोलेल.

पण वरच्या ताईंचं आणि तुमचं प्रकरण एक नाही. हे जुनं दिसलं तरी आजचं, चालू हत्यार आहे. पुराणवस्तूची सूट वगैरे इथे विसरा. आजोबांच्या नावे परवाना होता का ते ट्रंकेत शोधा. होता किंवा नव्हता, ते गेल्यावर ते घरात ठेवण्याचा हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, मग वारसाहक्कानं परवान्याचा अर्ज. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारसाहक्कानंसुद्धा एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. काडतुसांचा उल्लेख वेगळा करा, ती डबीसकट तशीच राहू द्या, पुसत बसू नका. परवाना नको असेल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या संग्रहालयाला विचारून पाहा. पण आधी जमा, मग विचारपूस.

प्रश्न : मुंबईच्या चोर बाजारातून सिंहाचं चिन्ह असलेलं कंपनी सरकारचं पिस्तूल घेतलं. साल १८७२. खरं आहे ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : वरचं पहिलं उत्तर वाचलंत तर तुम्हीच सांगाल. १८७२ साली कंपनी नावापुरतीच उरली होती, तिचं राज्य आणि फौज १८५८ सालीच राणीकडे गेली होती. फोटोत सिंहाचे चारही पाय जमिनीवर आहेत, नळीला निपलच्या जागी भोकच पाडलेलं नाही, आणि ‘टॉवर’ या लंडनच्या शस्त्रागाराच्या शिक्क्यातलं एक अक्षर उलटं आहे. दिवाणखान्यात टांगा, छान दिसेल. पैसे किती दिले ते लिहिलं नाहीत, तेच बरं.

ताजा कलम : अंक छपाईला जायच्या आधी वाईच्या ताईंचं दुसरं पत्र आलं. ठाण्याची माणसं घरी आली, पिस्तूल मुख्यालयाच्या शस्त्रागारात गेलं, तिथल्या आर्मोररनं नळी रिकामी केली. त्यांच्या चिरंजीवांना लांबून पाहू दिलं. आधी चिंधीचा बोळा निघाला, मग शिशाची गोल गोळी, आवळ्यापेक्षा लहान, वरून पांढुरकी पडलेली, आणि शेवटी काळ्या ढेपळीसारखी दारू. दारू त्यांनी नष्ट केली. गोळी आणि पिस्तूल जमा आहे, अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात आहे. चिंधी मात्र त्यांनी कागदात बांधून परत दिली. ‘कापसाचं जाडंभरडं कापड, एका कडेला लाल काठ,’ असं ताई लिहितात, ‘टाकून देऊ का?’

नाही, ताई. फौजेचा स्वार ठासताना कागदी काडतूस फाडतो, त्यातलाच कागद वर दाबतो. चिंधी तो शोधत बसत नाही. म्हणजे ही शेवटची ठासणी पलटणीत झालेली नाही, तुमच्या वाड्यात झाली आहे. घरातल्याच कुणीतरी लुगड्याचा किंवा धोतराचा काठ फाडला, गोळीवर दाबला, आणि मग ते झाडण्याची वेळ आली नाही. कापड धुऊ नका, इस्त्री करू नका, उलगडायची घाई करू नका. दोन पांढऱ्या टिश्यू कागदांमध्ये सपाट ठेवा आणि कुठे, कधी, कशातून निघालं ते पेन्सिलीनं कागदावर लिहून सोबत ठेवा. काठाचा एक जवळून फोटो मला पाठवा. वाईत अजून जुन्या विणीची ओळख असलेल्या एक-दोन बायका असतील, त्यांनाही दाखवा.